रूळ गेले, वाट राहिली : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर तयार झालेल्या वाटांबद्दल लिहिलं होतं. रूळ उचलून नेले, खाली उरलेल्या बांधावर बारीक कच किंवा डांबर टाकलं आणि तिथे आता लोक चालतात, धावतात, सायकली आणि घोडे घेऊन जातात, व्हीलचेअर फिरवतात. लेखानंतर बरीच पत्रं आली. रुळांच्या देखभालीत तेहतीस वर्षं गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कोणी गाडी लेट का, याशिवाय दुसरं काही विचारेल असं वाटलं नव्हतं. सगळ्या पत्रांना इथे जागा नाही. ज्यात माझीच चूक निघाली ते पत्र आधी घेतो.

"लेख वाचून आम्ही दोघं अशा एका वाटेवर सायकली घेऊन गेलो. वाट सपाट असते असं तुम्हीच लिहिलं होतं. जाताना वीस किलोमीटर सव्वा तासात झाले. परत यायला अडीच तास लागले आणि ह्यांचे गुडघे बोलायला लागले. चढ तर कुठेच दिसला नाही. वारा म्हणावा तर पानही हलत नव्हतं. आमचं वय झालं की वाट खोटी?" (निवृत्त शिक्षिका, वय ६१)

ताई, वय नाही आणि वाटही नाही, माझा शब्द खोटा. 'सपाट' लिहायला नको होतं. रेल्वेत सपाट असं फार थोडं असतं. जे असतं ते ताणून पातळ केलेलं असतं.

पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी जोरात घरंगळतं, म्हणून एक इंजिन एवढी लांबलचक मालगाडी ओढू शकतं. पण तोच गुळगुळीतपणा चढावर अंगाशी येतो. चाकाला पकड मिळत नाही, ते जागच्या जागी फिरतं. म्हणून लाइन आखताना चढ शंभर मीटरला एक मीटर, डोंगराळ भागात साधारण दोन-अडीच मीटर, एवढ्यावर धरून ठेवतात. मोटाररस्ता शंभराला सहा-आठ मीटर सहज चढतो. आम्ही टेकडी कापायची, निघालेली माती पुढच्या खळग्यात भरायची आणि डोंगराची सगळी उंची कित्येक किलोमीटरवर पसरून द्यायची. रस्त्यावर चढ समोर उभा राहतो आणि तुम्ही गिअर बदलता. इथे तो समोर येतच नाही. दोन्ही बाजूंनी कटिंगच्या, म्हणजे कापलेल्या टेकडीच्या, भिंती किंवा झाडी असते, तीही वाटेबरोबर वर जाते, त्यामुळे डोळ्याला तुलना करायला काही मिळत नाही.

आता हिशेब. तुमचं आणि सायकलचं मिळून वजन नव्वद किलो धरू. चांगल्या पृष्ठभागावर, वारा नसताना, ताशी पंधरा किलोमीटरने जायला जेवढा जोर लागतो, जवळपास तेवढाच आणखी जोर शंभरात एकचा चढ मागतो. म्हणजे श्रम दुप्पट, आणि डोळे म्हणतात काहीच नाही. वीस किलोमीटर असा चढ म्हणजे दोनशे मीटर उंची. जाताना तुम्ही ती उंची उतरलात आणि मनात म्हणालात, 'अजून जोर आहे की आपल्यात!'

हे मी ठामपणे सांगतो कारण मी स्वतः तसंच म्हणालो होतो. आयुष्यभर चढाचे खांब, म्हणजे लाइनच्या कडेला चढ-उतार दाखवणारे खांब, वाचत आलेला माणूस, आणि पहिल्याच अशा वाटेवर अठरा किलोमीटर वाऱ्यासारखा गेलो. परतताना बायको पुढे आणि मी मागे. मागचा ब्रेक घासतोय अशी शंका आली म्हणून तीन वेळा उतरून चाक फिरवून पाहिलं. ब्रेक ठीक होता. चौथ्यांदा उतरलो तेव्हा तिने कटिंगच्या बाजूच्या गटाराकडे बोट दाखवलं. पाणी आमच्याकडून मागे वाहत होतं.

तेच तुम्हीही करा. कटिंगमध्ये वाटेच्या कडेने पाण्याचा चर असतोच, कारण पाणी साचलं की लाइन खचते. पाणी जिकडे जातं तिकडे उतार. डोळ्यांपेक्षा त्यावर जास्त विश्वास ठेवा. काही ठिकाणी चढाचे जुने खांब अजून उभे असतात, त्यांच्या हातांचा कल आणि आकडा पाहा. आणि जुन्या स्टेशनाच्या फलाटापाशी अचानक हलकं वाटलं तर तो भास नाही. उभे डबे आपोआप घरंगळू नयेत म्हणून स्टेशनाचं आवार शक्य तितकं सपाट ठेवतात.

वाट कुठल्या टोकाकडून धरायची यानेही दिवस बदलतो. अमेरिकेतल्या ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेजचं उदाहरण घ्या. पिट्सबर्ग ते कंबरलंड, सुमारे २४० किलोमीटर. मध्ये पाणलोटाचा माथा लागतो, समुद्रसपाटीपासून साधारण ७३० मीटरवर. पिट्सबर्गकडून तो माथा गाठायला दोनशे किलोमीटर मिळतात, म्हणून चढ जवळजवळ जाणवत नाही. कंबरलंडकडून तीच कामगिरी चाळीसपेक्षा कमी किलोमीटरमध्ये उरकावी लागते. म्हणून निघण्याआधी नकाशात उंचीची रेघ बघा. जाऊन-येऊन करायचं असेल तर चढ आधी घ्या, पाय ताजे असताना. आणि उताराने निघालातच, तर हातात असलेल्या वेळाचा एक तृतीयांश संपला की मागे वळा, अर्ध्यावर नव्हे.

ह्यांच्या गुडघ्यांना सांगा, माफी मागितली आहे.

"अमेरिकेत मुलीकडे गेलो असताना मिसुरीतल्या केटी ट्रेलच्या अगदी पूर्वेच्या टोकाला गेलो. तिथे मैलाचा आकडा सत्तावीसच्या आसपास सुरू होतो. आधीचे मैल कुठे गेले? जावई म्हणतात पाटी चुकली." (एक वाचक)

जावईबापूंना कळवा की पाटी बरोबर आहे, मोजणारा वेगळा आहे. ही वाट मिसुरी-कॅन्सस-टेक्सास रेल्वेच्या लाइनवर आहे. त्या नावातल्या 'के' आणि 'टी'वरून लोक तिला केटी म्हणायचे. रेल्वेचे मैल सेंट लुईसपासून मोजलेले. वाट मात्र मॅकेन्सला, २६.९ मैलावर सुरू होते आणि पश्चिमेला क्लिंटनला २६४ च्या पुढे संपते. रूळ गेले तरी मोजणी रेल्वेचीच ठेवली. एकदा नंबर पडला की तो बदलायचा नाही, नाहीतर सगळी जुनी कागदपत्रं निरर्थक होतात. कुणीतरी आमच्यातल्याच माणसाने तो आग्रह धरला असणार, असं मला उगाच वाटतं.

त्या आकड्याचा तुम्हाला एक उपयोग आहे. अशा वाटेला गल्ली नाही, घरनंबर नाही, दोन्हीकडे नुसती झाडी. कुणी पडलं आणि फोन करावा लागला, तर 'नदीजवळ, मोठ्या झाडापाशी' असं सांगून मदत पोचत नाही. शेवटचा खांब कुठला ओलांडला तो आकडा आणि आपण कुठल्या दिशेने जात होतो, एवढं सांगा. आमच्या नोकरीत रूळ तडकल्याची खबरही अशीच यायची, अमुक किलोमीटर, तमुक खांब. बाकी वर्णन कुणी विचारायचं नाही.

"मुलांना बोगदा असलेलीच वाट हवी आहे. मला बंद जागेत श्वास अडकल्यासारखं होतं. त्यांना नाही म्हणवत नाही आणि मला हो म्हणवत नाही." (दोन मुलांची आई)

बोगदे दोन प्रकारचे समजा : ज्यात शिरतानाच पलीकडचं तोंड दिसतं ते, आणि ज्यात दिसत नाही ते. लांबीपेक्षा हा फरक मोठा. बोगदा सरळ असेल तर पाचशे मीटरवरचा उजेडही समोर नाण्याएवढा दिसत राहतो आणि मन त्याला धरून चालतं. तोच बोगदा वळणावर असेल तर दोनशे मीटरही जड जातात. तेव्हा पहिल्यांदा आखूड, सरळ आणि दिवे असलेला निवडा. इंग्लंडमधल्या मॉन्सल ट्रेलवर दिवे असलेले बोगदे आहेत, मोठे चार साधारण साडेतीनशे ते पाचशे मीटरचे. ती लाइन १९६८ साली बंद झाली, बोगदेही बंद करून टाकले, आणि २०११ मध्ये दिवे लावून ते लोकांसाठी उघडले. मधल्या काळात चालणाऱ्यांना प्रत्येक बोगद्याला बाहेरून वळसा घालावा लागायचा.

आत शिरण्यापूर्वी दोन मिनिटं तोंडाशी थांबा. काळा चष्मा काढा. उन्हातून थेट आत गेलं की सुरुवातीची पन्नास पावलं आंधळी असतात. डोळ्यांना वेळ दिला की भीतीतली निम्मी हवा तिथेच निघून जाते. विजेरी प्रत्येकाच्या हातात, मुलांच्याही, आणि प्रकाश जमिनीवर, समोरच्याच्या तोंडावर नव्हे. अंगात काहीतरी गरम. बाहेर उन्हाळा असला तरी आत गारवा असतो आणि छतातून थेंब पडतात. अंगावर पडलेला थेंब अंधारात फार मोठा वाटतो, मुलांना आधीच सांगून ठेवा.

भिंतीत ठरावीक अंतराने कोनाडे दिसतील, माणूस उभा राहील एवढे. गाडी आली की गँगमनने, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या कामगाराने, अंग चोरून तिथे उभं राहायचं. मी स्वतः असा उभा राहिलो आहे. हवेचा धक्का आधी येतो आणि आवाज नंतर. तुम्हाला मध्येच थांबावंसं वाटलं तर त्या कोनाड्यापाशी थांबा, पाठीला भिंत लागली की बरं वाटतं. मागून येणाऱ्या सायकलींच्याही वाटेत येत नाही.

मुलांना गोष्ट हवी असेल तर एक सांगतो, पण बोगदा पार झाल्यावर सांगा. इंग्लंडमध्येच बाथजवळ कोम डाउन नावाचा बोगदा आहे, १,६७२ मीटर लांब, आता पायी आणि सायकलने जायला खुला. त्यात हवेसाठी वर काढलेली एकही विहीर नाही. १९२९ च्या नोव्हेंबरात एक मालगाडी त्यातून शंभरात एकच्या चढाने अगदी रांगत चालली होती. वारा पडलेला. इंजिनाचा धूर आतच कोंडला आणि ड्रायव्हर आणि फायरमन दोघेही बेशुद्ध पडले. गाडी तशीच, कुणी चालवत नसताना, माथ्यावर पोचली आणि पलीकडच्या पन्नासात एकच्या उतारावर सुटली ती थेट बाथच्या मालधक्क्याच्या यार्डात उलटली. ड्रायव्हरसह तीन रेल्वेवाले गेले. बघा, पुन्हा तोच चढ, जो पायाला फक्त जरा जडसा लागतो. आज त्यात धूर नाही, दिवे आहेत, आणि चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

ज्या वाटेवरच्या बोगद्यात दिवे नाहीत तिथे तुम्ही एवढ्यात जाऊ नका. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एलरॉय-स्पार्टा वाटेवरचा तिसरा बोगदा एक किलोमीटरहून लांब आहे, आत पूर्ण काळोख, आणि सायकल हातात धरून चालत जावं लागतं. त्या बोगद्यांना मोठे लाकडी दरवाजे होते. हिवाळ्यात आतलं पाणी गोठून दगड फुटू नये म्हणून दोन गाड्यांच्या मधल्या वेळात ते बंद ठेवायचे, आणि उघडायला-लावायला पहारेकरी. थंडीत अशी एकट्याने दरवाजा राखायची नोकरी, नुसतं मनात आणून बघा. थंड मुलखातले असे बोगदे आजही हिवाळ्यात बंद करतात. निघण्याआधी तारीख विचारून घ्या, कारण बोगदा बंद म्हणजे पुढची वाटच बंद.

आणि ताई, तुम्ही तोंडाशी बसून राहिलात आणि मुलं दुसऱ्या कुणा मोठ्या माणसाबरोबर आत जाऊन आली, तरी सहल झालीच.

"घंटी वाजवली तर चालणारे दचकून रागावतात, नाही वाजवली तर न सांगता आलास म्हणून रागावतात. कानात गाणी घालून चौघं ओळीने चालतात ते वेगळंच. नियम काय?" (सायकलवाला, वय २४)

चाकाने पायाला वाट द्यायची, आणि दोघांनीही घोड्याला. एवढं लक्षात ठेवलं तर बाकीचं जमतं. डावीकडून की उजवीकडून, ते त्या देशाच्या रस्त्यासारखं असतं. सुरुवातीच्या फलकावर लिहिलेलं असतं, वाचायचे कष्ट घ्या.

तुझी घंटी चुकत नाही, तिची वेळ चुकते. फाटकाआधी लाइनच्या कडेला शिट्टीची पाटी असते, ती फाटकापाशी नसते, कितीतरी आधी असते. इंजिनड्रायव्हर तिथून शिट्टी सुरू करतो, म्हणजे माणसाला ऐकायला, वळून बघायला आणि बाजूला व्हायला वेळ मिळतो. तू पाच मीटरवरून वाजवत असणार. तीस मीटरवरून एकदा हलकी वाजव, वेग कमी कर, जवळ आल्यावर तोंडाने सांग. गाणी घातलेल्यांना ऐकू येणार नाही असंच धरून चाल, त्यांच्याशी भांडून तुझाच वेळ जाईल.

घोड्याच्या मागे मात्र घंटी अजिबात नको. माणसाचा आवाज द्यायचा, साधं 'मागून सायकल येतेय' एवढं. घोड्याला माणसाचा आवाज ओळखीचा असतो. मागून निःशब्द येणारी वस्तू त्याला शिकारी वाटते. स्वाराने खूण केली की लांबून आणि सावकाश पुढे जा.

वाट कधी रुंद, कधी अरुंद का, असंही तू विचारलं आहेस. तिथे एकेरी लाइन होती की दुहेरी, त्यावर ते असतं. फोटो काढायला थांबलास की वाटेवरून पूर्ण खाली उतर. माझा बहुतेक राग अशा फोटोवाल्यांवर आहे.

"आईला व्हीलचेअरवरून न्यायचं आहे. वाट सौम्य चढाची असल्याने अडचण येणार नाही ना?"

वाटेवर फारशी येणार नाही, वाटेपर्यंत पोचताना येईल. फाटक नसेल तिथे रेल्वे रस्त्याच्या एक तर वरून जाते नाहीतर खालून. म्हणजे वाट भरावावर असेल तर रस्त्यावरून वर चढावं लागतं, कटिंगमध्ये असेल तर खाली उतरावं लागतं, आणि बऱ्याच ठिकाणी तिथे नुसत्या पायऱ्या असतात. म्हणून सुरुवात जुन्या स्टेशनापासून करा. प्रवासी, टपाल, सामान सगळं तिथे हातगाडीने जायचं, तेव्हा रस्ता आणि लाइन तिथे बहुधा एका पातळीवर असतात.

दुसरं, मधले पूल. रेल्वे गेल्यावर काही पूल काढून टाकलेले असतात आणि वाट तिथे रस्त्यापर्यंत खाली बुडी मारून पुन्हा वर येते. सगळ्या मार्गातला सर्वांत खडा चढ तोच. नकाशात तो दिसत नाही, आधी कुणालातरी विचारावंच लागतं. तिसरं, मोटारी आत येऊ नयेत म्हणून लावलेले खांब आणि वेडीवाकडी फाटकं. खुर्चीची रुंदी मोजून ठेवा. बारीक कच दाबून केलेली वाट कोरडी असताना छान, पावसानंतर चाकं रुततात. डांबरी असेल तर उत्तम. लाकडी फळ्यांच्या पुलावर पुढची लहान चाकं फळ्यांच्या फटीत अडकू शकतात, तिथे खुर्ची थोडी मागे कलवून न्या. भरावावर वारा लागतो, कटिंगमध्ये ऊन उशिरा येतं. बसून राहणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त थंडी वाजते, आईच्या पायांवर काहीतरी घाला.

"काका, रूळ कुठे गेले? आणि गाडी परत येणार का? मी चौथीत आहे."

तुझा प्रश्न सगळ्यांत चांगला आहे, म्हणून शेवटी ठेवला.

चांगले रूळ दुसरीकडे नेऊन कमी रहदारीच्या लाइनवर टाकतात. झिजलेले असतील ते भट्टीत वितळवतात आणि त्यांचं दुसरं काहीतरी होतं. रुळांखाली आडवे टाकलेले लाकडी स्लीपर कुठे कुंपणाला, कुठे बागेच्या कडेला जातात. ते कुजू नयेत म्हणून त्यांना क्रिओसोट नावाचं डांबरासारखं औषध पाजलेलं असतं. म्हणून वाटेकडेला जुना स्लीपर पडलेला दिसला तर त्याला हात लावू नकोस. चुकून लावलास तर धू, आणि कुणी तो जाळत असेल तर त्याला थांबव, त्याचा धूर वाईट. खडी बऱ्याच ठिकाणी अजून तुझ्या पायाखालीच आहे, वरच्या बारीक थराच्या खाली.

गाडी परत येऊ शकते. अमेरिकेत १९८३ साली कायद्याने तशी सोय केली. लाइन बंद करताना ती जमीन तुकडे करून वाटून टाकायची नाही, सलग ठेवायची, तोवर लोकांना चालायला-फिरायला द्यायची, आणि उद्या रेल्वेला लागली तर परत घ्यायची. असं समज की लाइन रिटायर झालेली नाही, लांब रजेवर आहे. माझ्यासारखी नाही.

आता तुला एक काम. वाटेवर गेलास की कडेच्या गवतात बघत चाल. रुळाला स्लीपरवर धरून ठेवणारा मोठा लोखंडी खिळा असतो, तुझ्या वितीएवढा, गंजून तांबडा झालेला. रूळ उचलणाऱ्यांच्या हातून एखादा राहून जातो. दिसला तर उचलू नकोस, जवळच्या खांबावरचा आकडा वहीत लिहून घे आणि मला पाठव.